भिंतीसाठी फोटो

सुमतीबाई खांबेटे यांनी आपल्या मरणाची तयारी पंचाहत्तरी उलटली त्याच वर्षी उरकून टाकली होती. नेत्रदानाचा फॉर्म भरून झाला होता. नेसवायची साडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात वेगळी काढून ठेवली होती. कुणाकुणाला फोन करायचे त्यांची यादी नंबरांसकट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, आणि त्यातल्या दोन नावांपुढे 'करू नये' असंही लिहिलेलं होतं. डोंबिवलीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. कोरी जागा सोडलेला पेपर त्यांना आयुष्यात सहन झाला नाही. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. भिंतीवर लावायला फोटो नव्हता.

आता फोटोचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण खांबेट्यांच्या घरात या गोष्टीला इतिहास होता. सुमतीबाईंचे यजमान, म्हणजे अण्णा, अकरा वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. दहाव्यापर्यंत फोटो हवा होता आणि घरात अण्णांचा धड एक फोटो सापडेना. हा गृहस्थ जन्मभर ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभा राहिला, नाहीतर पंगतीत पानावर वाकलेला. शेवटी एका जुन्या पाकिटात पासपोर्ट फोटोची निगेटिव्ह तेवढी मिळाली. मुलगा मुकुल ती घेऊन धावतपळत बाजारात गेला आणि कुठल्याशा दुकानातून तासाभरात मोठी करून, फ्रेम करून घेऊन आला. हार घातला, उदबत्ती लावली, सगळं वेळेवर झालं.

त्या दिवसापासून सुमतीबाई संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की फोटोकडे बघून म्हणत, "हे असे नव्हते."

कसे नव्हते, ते मात्र सांगता येत नसे. चष्मा अण्णांचाच, टक्कल अण्णांचंच, लहानपणी विटी लागून किंचित वाकडं झालेलं नाकही त्यांचंच. मुकुलनं समजावून सांगितलं की पासपोर्टच्या फोटोत सगळीच माणसं पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसतात. सूनबाई हेमांगी म्हणाली की दुःखानं तसं वाटतं, वर्षभरात सवय होईल. वर्ष झालं, पाच झाली, अकरा झाली. सुमतीबाई रोज तेच वाक्य तितक्याच शांतपणे म्हणत राहिल्या आणि घरानं ते ऐकणं सोडून दिलं.

म्हणूनच त्यांनी जाहीर केलं होतं, की माझं तोंड मी स्वतः पास करीन, मगच ते भिंतीवर जाईल. यातली मेख अशी की त्यांना स्वतःचा एकही फोटो पास होत नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. उपचार झाले, मालिश झालं, तीन भाग सुधारलं आणि चौथा भाग तसाच राहिला. ओठांचा एक कोपरा कायमचा खाली ओघळला आणि त्याच बाजूचा डोळा पूर्ण मिटेनासा झाला. तो कोरडा पडू नये म्हणून हेमांगी रोज संध्याकाळी सात वाजता त्यात औषधाचे थेंब घाली. अण्णा तेव्हा होते. ते म्हणत, काही फरक पडलेला नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. नवऱ्यानं असं बोलायचंच असतं, म्हणून सुमतीबाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही. पुढे प्रत्येक कार्यात फोटोवाला आला की त्यांना नेमकं आतलं काहीतरी काम आठवायचं.

पोरंबाळं मोबाइलवर टिपायचीच. नात पुण्याहून आली की चोरून चार फोटो काढायची आणि कौतुकानं दाखवायची. सुमतीबाई चष्मा सावरून बघत आणि मोबाइल परत देत. "ही मी नव्हे," एवढंच.

मुकुल या प्रकरणात ओढला गेला तो त्याच्या छंदामुळे. वय एक्कावन्न, नौपाड्यात विमा कंपनीच्या ऑफिसात बऱ्यापैकी जागेवर, आणि सहा वर्षांपासून डोक्यात एकच वेड: रोलवर फोटो काढायचे. साधा रोलही नव्हे, तर रुंद फिल्मचा, ज्यावर फक्त बारा चौकोनी फोटो निघतात. विठ्ठलवाडीला उत्तमराव नावाच्या वृद्ध फोटोग्राफरानं स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांच्याकडून हा दोन भिंगांचा जुना जपानी कॅमेरा घेऊन आला होता. तो गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडून मान खाली घालून आत बघायचं. आत काचेवर समोरचं दिसतं, पण डावं-उजवं उलटून. माणूस डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे जातो. सुरुवातीला मुकुलची फार तारांबळ उडायची. नंतर त्याला उलटंच सरळ वाटायला लागलं.

शीळफाट्याचे कापलेले डोंगर, मोठागावची खाडी, एमआयडीसीतली बंद पडलेली गेटं असं काय काय तो टिपून आणी. प्रत्येक फोटोची नोंद वहीत: तारीख, उजेड, भिंगाचं तोंड किती उघडलं, किती वेळ. मग बाथरूमची मोरी अडवून फिल्म धुणं. नळाचं पाणी गरम म्हणून फ्रीजमधला बर्फ पळवणं. हेमांगी म्हणायची की बाहेरून एमआयडीसीचा वास आणि आतून तुझ्या रसायनांचा, आपण मध्ये बसून चहा प्यायचा. आईनं त्याचे फोटो कधी वाईट म्हटले नाहीत. चांगलेही म्हटले नाहीत. 'ठीक' ही सुमतीबाईंच्या शब्दकोशातली सगळ्यात वरची पायरी होती, आणि दहावीला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळवूनही मुकुलला त्या पायरीवर फार वेळ उभं राहू दिलेलं नव्हतं. उरलेले तीन कुठे गेले, हा प्रश्न लगेच आला होता.

तेव्हा आईचा भिंतीसाठीचा फोटो आपणच काढायचा, आणि तिच्याकडून 'हो' म्हणवून घ्यायचं, हे मुकुलनं मनावर घेतलं. पहिला रोल झाला, बाराच्या बारा नापास. दुसऱ्या रोलला त्यानं चेहरा किंचित वळवून घेतला, म्हणजे ओघळलेली बाजू सावलीत जाईल. सुमतीबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, लपवलंयस ते कळतंय. मुकुलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंधरा दिवस त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

तिसरा रोल श्रावणातला. सकाळी साडेनऊचा उजेड खिडकीतून चांगला पसरून येत होता. सुमतीबाईंनी शाळेनं सत्कारात दिलेली शाल दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतली होती आणि आज एकदाच काय ते उरक, असं बजावून त्या खुर्चीत बसल्या. मुकुल समोर उभा राहिला, मान खाली घातली आणि काचेत बघू लागला. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं की आईचा चेहरा सैल पडलाय. समोर मुलगा मान खाली घालून उभा. गृहपाठ न केलेली अशी पोरं त्यांनी चौतीस वर्षं बघितली होती, त्यांच्यासमोर संकोच कसला? त्यानं सहज विचारलं की नववीच्या वर्गाला तू पहिल्या दिवशी काय शिकवायचीस. त्या सांगू लागल्या. सांगता सांगता थांबल्या, पुढचं आठवायला. तो क्षण मुकुलनं घेतला. आठवा फोटो.

फिल्म धुऊन वाळली, तुकडे कापून झाले, आणि रविवारी दुपारी मुकुल स्कॅनरपाशी बसला. त्या दमट हवेत फिल्म अशी मरगळली होती की चौकटीत ताणून बसवली तरी मध्ये झोळ पडून खालच्या काचेला टेकायची. फिल्मची एक बाजू गुळगुळीत असते आणि एक मंद. गुळगुळीत बाजू काचेला टेकली की स्कॅनमध्ये तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटतात, आणि इथं तर ती नेमकी आईच्या गालावर आली. यावर माहीतगारांचा एक उपाय आहे: फिल्म पालथी घालायची. मंद बाजू खाली ठेवली की वलयं जातात. फोटो मात्र डावा-उजवा उलटा येतो, तो मग कॉम्प्युटरवर पुन्हा फिरवून घ्यायचा. मुकुलला हे पाठ होतं. त्यानं वहीत 'पालथी. नंतर फिरवणे' असं लिहूनही ठेवलं. मग फोटो पडद्यावर आला आणि तो इतका सुरेख होता की मुकुल धुळीचे कण काढण्यात गुंगून गेला आणि फिरवायचं विसरला.

विसरला तर विसरला, बघून कळू नये का? तर नाही कळलं. कारण फोटो काढताना त्यानं आईला त्या काचेत असंच, उलटं बघितलं होतं. डोळ्यात तेच चित्र बसलेलं होतं, पडद्यावर तेच आलं, आणि गडी खूश झाला.

त्यानं आईला हाक मारली. सुमतीबाई आल्या, लांबचा चष्मा काढून जवळचा लावला आणि खुर्ची ओढून बसल्या. मुकुलनं तिसऱ्या नकाराची तयारी ठेवली होती, चौथ्याचीही ठेवली होती.

"हो," त्या म्हणाल्या. "ही मी." आणि उठता उठता, "चांगलं आलंय."

मुकुलला काय वाटलं ते सरळच सांगायला हवं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, लग्नाच्या वयाच्या मुलीचा बाप, आणि तो त्या दोन शब्दांनी इतका हरखला की स्कॅनर बंद करायचं निमित्त करून पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसला.

हेमांगी हात पुसत आली. तिनं फोटो बघितला, छान आहे म्हणाली, आणि मग मान तिरकी करून पुन्हा बघितला. आई यात कुणासारख्या तरी दिसतात, असं तिचं म्हणणं पडलं. कुणासारख्या, असं मुकुलनं विचारलं, तर म्हणाली की त्यांना बहीण असती तर तिच्यासारख्या. मुकुल चिडला. आईला आवडला ना, मग तुझं काय मध्येच? हेमांगीनं विषय सोडून दिला, पण जाताना दोनदा वळून बघितलं.

पुढच्या रविवारी मुकुल मोठी प्रिंट आणि निगेटिव्ह घेऊन स्कूटरवरून विठ्ठलवाडीला गेला. उत्तमराव आता चौऱ्याहत्तरचे, स्टुडिओच्या जागी भाच्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेलं; ते मागच्या खोलीत बसून असत. मूळ सांगोल्याकडचे, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आले, तरी बोली तिकडचीच राहिली होती. मुकुलची प्रिंट त्यांनी हातात घेतली, मान डोलावली आणि बाजूला ठेवली. त्यांना निगेटिव्ह बघायची होती. प्रिंट कुणीही चांगली दाखवतो, असं त्यांचं मत. खिडकीशी फिल्म धरून त्यांनी ती निरखली, कडेवरचे आकडे सुलट वाचता येतील अशी फिरवली, पुन्हा प्रिंटकडे पाहिलं.

"आईंचं तोंड कुठल्या अंगाला ओघळलंय, साहेब?"

मुकुलला सांगता येईना. छत्तीस फोटो काढले, पंधरा वर्षं रोज समोरासमोर जेवला, आणि आईच्या तोंडाची कुठली बाजू वाकडी ते त्याला सांगता येईना. काचेतली आई आठवायची की टेबलापलीकडची, याचाच गोंधळ झाला. शेवटी त्यानं बाहेर जाऊन हेमांगीला फोन लावला.

"डावी," ती एका क्षणात म्हणाली. "डाव्या डोळ्यात थेंब घालते ना मी रोज. का रे?"

काही नाही म्हणून मुकुलनं फोन ठेवला आणि आत आला. उत्तमरावांनी प्रिंट त्याच्यापुढे धरली. फोटोतल्या बाईंची उजवी बाजू ओघळलेली होती. मुकुलनं कपाळाला हात लावला.

उत्तमराव हसले नाहीत. उलट त्यांनी त्याला चहा पाजला आणि धंद्यातली एक गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाला स्वतःचा फोटो काही केल्या पसंत पडेना, की ते गुपचूप निगेटिव्ह पालथी घालून छापून द्यायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. "माणूस सोताला आरशातच वळखतो, साहेब. दुसरीकडं त्यानं सोताला बगितलंय कुटं? घरची लोकं मात्र म्हणायची, कायतरी चुकलंय." त्यांचा सल्लाही साधा होता: म्हातारीला आवडलंय ना, मग गप बसा आणि फ्रेम करून टाका.

मुकुल परत निघाला तो या सल्ल्यासकट. पत्रीपुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या, तिथं स्कूटर बंद करून तो उभा राहिला आणि विचार करू लागला. गप्प बसणं अवघड नव्हतं. आईला कधीच कळलं नसतं. तिचं समाधान राहिलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते 'चांगलं आलंय'सुद्धा त्याच्याकडे राहिलं असतं. सांगितलं तर दोन्ही जाणार. आता चौथा रोल काढला तरी आई पुन्हा खुर्चीत बसेल याची खात्री नव्हती. गेल्या महिन्यात तिला दोनदा चक्कर आली होती. पण या बाईच्या हाताखाली तो शिकलेला होता. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली की सुमतीबाई सरळ शून्य देत आणि वहीत लिहीत, 'नशिबानं आलं'. असं शून्य त्यालाही दोनदा मिळालं होतं. हॉर्न वाजायला लागले तशी त्यानं स्कूटर सुरू केली. सांगायचं ठरलं होतं, फक्त धीर व्हायचा होता.

धीर व्हायला चार दिवस लागले. गुरुवारी तो ऑफिसातून लवकर आला तो सुलट फोटोची दुसरी प्रिंट घेऊनच. साडेसहा वाजले होते. सुमतीबाई दिवा लावून नुकत्याच बसल्या होत्या. हेमांगी तिथंच भाजी निवडत होती. मुकुलनं दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगून टाकलं: फिल्मचा झोळ, वलयं, पालथी घातलेली निगेटिव्ह, फिरवायचं राहून गेलं ते, आणि उत्तमराव काय म्हणाले तेही. वहीतली नोंदसुद्धा दाखवली.

हेमांगीनं भाजीचं ताट बाजूला सारलं आणि सुलट फोटोवर बोट ठेवलं. ह्या आई, ती म्हणाली. मग हायसं वाटून तिनं श्वास सोडला.

सुमतीबाईंनी तो फोटो हातात घेतला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. हा वाकडा आहे, त्या म्हणाल्या. तोंड, डोळा, सगळंच एका बाजूला गेल्यासारखं. मुकुलनं सांगितलं की वाकडेपणा दोन्हीत सारखाच आहे, एका मिलिमीटरचा फरक नाही. तुला आरशात स्वतःला त्या उलट्या फोटोसारखं बघायची सवय झालीये इतकंच.

"तुला ही दिसते? रोज?"

"हो, आई."

"आणि तुला गं?"

"मला ह्याच दिसतात," हेमांगी म्हणाली. "त्या दुसऱ्या कोण, ते मला इतके दिवस कळत नव्हतं. माझ्या आई ह्या आहेत. ह्यांच्यात वाकडं काय आहे?"

ती हे मन राखायला बोलत नव्हती. बोलायचं म्हणून गोड बोलणं हेमांगीला कधी जमलंच नव्हतं, आणि सासूला ते पक्कं ठाऊक होतं. नको असलेला फोटो सुमतीबाईंनी खाली ठेवला नाही. मोठ्या वर्गाचा अवघड पेपर तपासावा तसा तो बघत राहिल्या.

"म्हणजे ह्यांनाही हीच दिसत होती," त्या म्हणाल्या. "चार वर्षं. आणि म्हणायचे, काही फरक नाही. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून बोलतात."

त्यांचा आवाज हलला. मुकुलनं आईचा आवाज असा हललेला अण्णा गेले तेव्हासुद्धा ऐकला नव्हता. त्यानं तिला रागवायला जागा करून दिली: चूक माझीच आहे, मी फिरवायला विसरलो. पण सुमतीबाई रागावल्या नाहीत. त्या आता भलतीकडेच बघत होत्या. आणि मग त्यांनी वर्गात विचारावं तसं, एकेक पायरी घेत विचारलं.

निगेटिव्ह पालथी पडली की कुणाचाही फोटो असा होतो का? कुणाचाही, मुकुल म्हणाला. बघणाऱ्याला तो माणूस ओळखू येतो, पण तो वाटत नाही? मुकुल म्हणाला, हो, हेमांगीला झालं तसंच. दुकानातल्या माणसाकडूनही असं होऊ शकतं? घाईत असला तर सहज होऊ शकतं, असं म्हणता म्हणता मुकुलचा आवाज बसला, कारण आई कुठं निघालीये ते त्याला तेव्हा कळलं.

"ह्यांना खाली काढ," सुमतीबाई म्हणाल्या.

मुकुल स्टुलावर चढला. अकरा वर्षांत ती फ्रेम साफसफाईपुरतीच खाली आली होती. सुमतीबाईंनी वाळलेला हार काढून बाजूला ठेवला, पदरानं काच पुसली आणि फ्रेम छातीशी धरून त्या आपल्या खोलीत गेल्या. कपाटाच्या दाराला लांब आरसा होता. त्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी फ्रेम आरशाकडे वळवली.

मुकुल त्यांच्या मागे उभा होता. त्यानं आईच्या खांद्यावरून आरशात पाहिलं. आरशात अण्णा होते. नाक ज्या बाजूला वाकायला हवं त्याच बाजूला वाकलेलं, डाव्या भुवईची ती नेहमीची किंचित वर गेलेली कड, आणि 'काय रे, जेवलास का' असं आता विचारतीलसा चेहरा. अकरा वर्षं तो ज्या माणसाला हार घालत होता, तो कुणी अण्णांचा भाऊ असावा तसा होता. आणि ती निगेटिव्ह दुकानात देणारा, तासाभरानं फ्रेम बगलेत मारून आणणारा आणि चांगला झालाय म्हणून स्वतःच ठरवून टाकणारा तो स्वतः होता. आई रोज सांगत होती. रोज, दिवा लावल्यावर. एकदाही त्यानं पाकिटातली निगेटिव्ह काढून बघितली नाही, आणि गेली सहा वर्षं तर त्याच्या घरात स्कॅनर होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मी..."

"अकरा वर्षं सांगत होते मी," सुमतीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांची नजर आरशावरून हलली नव्हती. आरशात अण्णा, आणि फ्रेमच्या वर सुमतीबाईंचा स्वतःचा चेहरा, त्यांच्या ओळखीचा होता तसा.

मग त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. उद्या ह्यांचा सुलट करून आण, स्वतः कर, बाजारात देऊ नकोस. फ्रेम हीच चालेल. माझाही सुलटाच लावा, वेळ येईल तेव्हा. मी काही बघायला नसणार, तुम्ही बघणार. आणि तो दुसरा टाकू नकोस, तो तोवर माझ्या कपाटात राहू दे. मला तो आवडलाय.

मुकुलनं मान हलवली आणि फ्रेम घ्यायला हात पुढे केला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "आत्ताच नको नेऊस."

त्यानं हात मागे घेतला. बाहेर सातचे ठोके पडले. हेमांगी थेंबांची बाटली घेऊन दाराशी आली, आत बघितलं आणि तिथंच उभी राहिली.